शाळेची छोटी व्हॅन सुरू करणाऱ्या नव्या चालकासाठी

मे महिना संपत आला की दरवर्षी तीच विचारणा सुरू होते. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी ॲपवरच्या टॅक्सीला कंटाळलेला असतो, कुणाच्या दारात सात आसनी गाडी नुसती उभी असते. आणि जवळच्या शाळेची आठ-दहा मुले मिळाली तर गाडीचा हप्ता सुटेल, असा हिशेब त्याने मनाशी करून ठेवलेला असतो. हिशेब चुकीचा नसतो. मात्र त्यात गाडी, इंधन आणि पालकांकडून येणारी महिन्याची फी एवढेच धरलेले असते आणि कागदपत्रे ‘नंतर बघू’ या खात्यात गेलेली असतात. मी स्वतः पुण्याच्या उपनगरात बरीच वर्षे शाळेची व्हॅन चालवली आहे, आणि नव्या माणसाला पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगतो: गाडी छोटी असली म्हणून कायदा छोटा होत नाही. चाळीस आसनांच्या बसला जे बहुतेक नियम लागू होतात, तेच सात मुलांच्या व्हॅनलाही लागू होतात. फरक एवढाच की बसच्या मागे शाळेचे कार्यालय उभे असते आणि व्हॅनच्या मागे चालक एकटा असतो.

पुढची माहिती महाराष्ट्रातील चालकांसाठी आहे. तिचा आधार दोन ठिकाणी आहे: केंद्राचा १९८८ चा मोटार वाहन अधिनियम, ज्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, आणि राज्याने शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ मध्ये केलेले स्वतंत्र नियम. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढाव्यात, कारण मागचा कागद नसेल तर पुढचा मिळत नाही, आणि मिळाला तरी अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

पहिली पायरी: गाडी कशासाठी नोंदवली आहे ते पाहा

बहुतेक जण सुरुवात लायसनपासून करतात. माझ्या मते सुरुवात आरसी बुकापासून करावी. गाडीची नोंदणी खासगी वापरासाठी झाली आहे की परिवहन वाहन (म्हणजे भाड्याने ने-आण करणारी गाडी) म्हणून, हे त्यावर लिहिलेले असते आणि नंबरप्लेटवरूनही कळते: पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे परिवहन वाहन. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी असते. त्यात पांढरी अक्षरे खासगी गाडीला आणि पिवळी परिवहन वाहनाला मिळतात. पैसे घेऊन मुलांची ने-आण करायची असेल तर गाडी परिवहन वाहन म्हणून नोंदवलेली असणे आणि तिला कलम ६६ खालील परमिट असणे आवश्यक आहे. व्हॅन शाळेच्या मालकीची असेल, चालक सोडून सहांहून अधिक माणसांसाठी बनवलेली असेल आणि केवळ शाळेच्याच कामासाठी वापरली जात असेल, तर कायद्यात तिला शैक्षणिक संस्थेची बस म्हणतात. पण तीही परिवहन वाहनच ठरते. व्हॅन तुमच्या मालकीची असेल तर तुम्हाला कंत्राटी गाडीचे, म्हणजे करार करून ठरलेल्या प्रवाशांना नेणाऱ्या गाडीचे, परमिट लागते. हे परमिट पाच वर्षांसाठी असते आणि परवानगीशिवाय ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्यामुळे गाडी विकत घेताना ‘परमिटसकट देतो’ असे कुणी म्हणाले, तर आरटीओत नाव बदलेपर्यंत पूर्ण पैसे मोजू नयेत.

परमिटशिवाय किंवा परमिटमध्ये दिलेला मार्ग, क्षेत्र वा उद्देश मोडून गाडी चालवली, तर कलम १९२अ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. मला मात्र दंडापेक्षा विम्याची भीती अधिक वाटते. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी करता येईल याचे एक कलम असते आणि भाड्याने माणसे नेणे त्यातून वगळलेले असते. आमच्या भागातील एका पांढऱ्या पाटीच्या गाडीला किरकोळ धडक बसली. एका मुलाच्या हाताचे हाड मोडले, एवढेच. चालकाने ‘शेजाऱ्यांची मुले आहेत, ओळखीतून नेतो’ असे सांगितले, परंतु प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यात त्याच पालकांकडून येणारी सारखी रक्कम विमा कंपनीला दिसायला फार वेळ लागला नाही. अशा प्रकरणांत अनेकदा मोटार अपघातांचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण कंपनीला भरपाई आधी द्यायला लावते आणि नंतर ती गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे जखमी मुलाला पैसे मिळतात, पण मालकाच्या घरावर बोजा चढतो.

रिक्षाचा प्रश्नही येथेच निकालात काढलेला बरा. राज्याच्या २०११ च्या नियमांतील शाळेच्या बसच्या व्याख्येत रिक्षा बसत नाही. सकाळी प्रत्येक शाळेच्या फाटकासमोर रिक्षा दिसतात हे खरे, पण दिसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. छोट्या व्हॅनच्या आसनसंख्येबाबतही न्यायालयात आणि सरकारदरबारी बरीच ये-जा झाली आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने बारा अधिक एक (बारा मुले आणि चालक) आसनांच्या स्कूल व्हॅनसाठी वेगळे परवाने देण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणून गाडीचे बुकिंग करण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन, नेमके मॉडेल आणि आसनसंख्या सांगून, त्या गाडीला शालेय वाहतुकीचे परमिट मिळेल का, हे लेखी विचारावे. विक्रेत्याचा शब्द येथे पुरेसा नाही. त्याला गाडी विकायची असते, परमिट मिळवून द्यायचे नसते.

दुसरी पायरी: लायसन आणि बॅज

हलक्या वाहनाच्या लायसनवर हलके परिवहन वाहन चालवता येते का, या प्रश्नावर अनेक वर्षे वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगण प्रकरणात, आणि पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, हे स्पष्ट केले की ज्या वाहनाचे एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही, ते परिवहन वाहन चालवण्यासाठी हलक्या मोटार वाहनाचे लायसन पुरते. त्यासाठी वेगळी परिवहन नोंद लागत नाही. शाळेच्या छोट्या व्हॅन या वजनाच्या आत सहज बसतात.

हा निकाल वाचून काही जण बॅजची, म्हणजे भाड्याची गाडी चालवणाऱ्याला आरटीओकडून मिळणाऱ्या बिल्ल्याची, गरजच संपली असे समजतात, ते मात्र घाईचे आहे. निकाल लायसनच्या वर्गाबद्दल आहे. परमिटच्या अटी, राज्याचे नियम आणि शाळेच्या अटी आपापल्या जागी कायम आहेत. आरटीओने बॅज मागितला तर खिडकीसमोर निकालाची प्रत फडकवण्यापेक्षा बॅज काढून घेणे शहाणपणाचे, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात वाद जिंकून उपयोग नसतो, गाडी रस्त्यावर असावी लागते. वयाच्या बाबतीतही हेच. अधिनियमाच्या कलम ४ मध्ये परिवहन वाहनासाठी वीस वर्षांची अट लिहिलेली आहे. अठराव्या वर्षी लायसन हातात आले म्हणून लगेच मुलांची व्हॅन हाती घेऊ नये, आणि कोणत्याही जबाबदार शाळेने तशा चालकाला ठेवूही नये.

परिवहन वाहनाचे लायसन पाच वर्षांसाठी असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपल्यानंतर एक वर्ष उलटून गेले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपल्यावर तीस दिवस गाडी चालवता येते असा जुना समज अजूनही ऐकू येतो, पण ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली आहे. अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावरून होतो आणि सोबत डॉक्टरांनी सही केलेला नमुना १-अ जोडावा लागतो. डोळ्यांची तपासणी या नमुन्यापुरती न ठेवता खरोखर करून घ्यावी. पहाटे साडेसहाला, थंडीच्या धुक्यात, रस्त्याच्या कडेला राखाडी गणवेशात उभे असलेले मूल ओळखणे ही चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना सोपी गोष्ट नाही.

तिसरी पायरी: पोलीस पडताळणी आणि तुमची चलने

चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो. पूर्वी अनेक शाळा त्याबाबत ढिलाई करत. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला आणि शाळेशी संबंधित कर्मचाऱ्यांच्या, त्यात बसचालकांच्याही, पडताळणीवर भर दिला. त्यामुळे आता हा दाखला शाळा मागेल याची वाट पाहू नये. पहिल्या भेटीतच फाइलमध्ये लावून न्यावा.

दुसरा कागद कोणी मागत नाही, पण तो तुमच्या नावावर आपोआप तयार होत असतो: ई-चलनांची यादी. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिल्लीतील शाळांच्या बसगाड्यांसाठी जे निर्देश दिले, त्यात सिग्नल तोडणे, थांबारेषा ओलांडणे, अनधिकृत माणसाला गाडी चालवू देणे अशा गुन्ह्यांसाठी वर्षात दोनपेक्षा अधिक वेळा चलन झालेल्या चालकाला, तसेच अतिवेग, मद्यपान किंवा धोकादायक चालवण्याचा आरोप एकदाही झालेल्या चालकाला शाळेच्या बसवर ठेवू नये असे म्हटले होते. निर्देश दिल्लीपुरते होते, तरी पुढे शिक्षण मंडळांच्या सूचनांनी आणि शाळांच्या करारांनी हाच मापदंड उचलला. स्वतःच्या गाडीवरची थकलेली चलने ‘महाट्रॅफिक’ ॲपवर पाहता येतात. ती भरून, पावत्या जपून ठेवाव्यात.

बदली चालक हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. तुम्हाला ताप आला की मेहुणा किंवा मित्र ‘दोन दिवस मारतो फेऱ्या’ म्हणतो. त्याचे लायसन, पडताळणी आणि शाळेची परवानगी यांपैकी काहीही नसते, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने तो एक अनोळखी माणूस असतो. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिल्यास कलम १८० प्रमाणे मालकावर स्वतंत्र गुन्हा होतो. एका बदली चालकाची सगळी कागदपत्रे जूनमध्येच तयार करून शाळेकडे देऊन ठेवावीत.

चौथी पायरी: शाळेशी करार

पालकांशी तोंडी ठरवून, शाळेला न कळवता व्हॅन चालवण्याची पद्धत सर्रास आहे. शाळांनाही ती सोयीची वाटते, कारण काही झाले की ‘तो आमचा नाही’ म्हणता येते. राज्याच्या नियमांनी ही पळवाट बंद केली आहे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावी लागते. तिच्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आणि वाहतूकदारांचा प्रतिनिधी असतो. वाहतूकदार आणि शाळा यांच्यात ठरावीक नमुन्यातील करार व्हावा लागतो. शुल्क, थांबे आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी हे सगळे समितीसमोर ठरते.

नव्या चालकाने ही समिती आपल्याविरुद्ध आहे असे समजू नये. फाटकासमोर गाडी उभी करायला जागा नसेल, एखाद्या थांब्यावर मुलांना रस्ता ओलांडावा लागत असेल, तर ते लेखी मांडण्याची ही एकमेव जागा आहे. मी एकदा एका थांब्याबद्दल सलग तीन बैठकांत तक्रार नोंदवली. चौथ्या बैठकीनंतर थांबा रस्त्याच्या योग्य बाजूला आला. कंटाळवाणे काम होते, पण झाले.

पाचवी पायरी: पासिंग आणि गाडीच्या आतले सामान

योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग, नव्या परिवहन वाहनाला दोन वर्षांसाठी मिळते. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करून घ्यावे लागते. पासिंगच्या दिवशी भाड्याने टायर आणि अग्निशामक आणून लावण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

गाडीचा पिवळा रंग, पुढे-मागे ‘स्कूल बस’ किंवा ‘स्कूल व्हॅन’ ही अक्षरे, शाळेचे नाव आणि फोन, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक या गोष्टी सर्वांना माहीत असतात. अग्निशामकावर भरण्याची तारीख असते आणि पेटीतील औषधांवर मुदत असते. तपासणीत नेमके तेच पाहिले जाते. सीएनजी किट असेल तर त्याची आरसी बुकात नोंद हवी आणि सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी. सिलिंडरवरची धातूची पट्टी पुसून तारीख वाचून ठेवावी. किटने जागा अडवली म्हणून सिलिंडरवर फळी टाकून त्यावर मुले बसवणे हा प्रकार कोणत्याच नियमात बसत नाही.

व्हॅनचे सरकते दार मात्र स्वतंत्र लक्ष मागते. दाराची रुळपट्टी खालच्या बाजूला असते. तिच्यात पेन्सिलीचे तुकडे, बिस्किटांचे कण आणि वाळू साठते. मग दार अर्ध्यावर अडते आणि चालक आत बसूनच हात मागे टाकून ते जोराने ओढतो. दप्तराचा लोंबता पट्टा बहुतेक वेळा अशा वेळीच अडकतो. दर शनिवारी ती पट्टी ब्रशने साफ करावी, थोडे ग्रीस लावावे, आणि दार नेहमी खाली उतरून, मुलांची बोटे पाहून, हाताने लावावे. लहान मुलांना आतून उघडता येणार नाही असा खटका दाराच्या कडेला असतो. तो लावल्याशिवाय गाडी हलवू नये.

सहावी पायरी: किती मुले, कोण सोबत आणि कोणती यादी

‘बारा वर्षांखालची मुले दीडपट चालतात’ हे वाक्य तुम्हाला स्टँडवर पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. तो हिशेब ज्याने त्याने आपल्या सोयीने ताणलेला असतो. तुमच्या आरसी बुकात आणि परमिटवर जी आसनसंख्या लिहिली आहे, तीच धरावी. जास्त प्रवासी घेतल्यास कलम १९४अ प्रमाणे प्रत्येक जादा प्रवाशामागे दोनशे रुपये दंड आहे, आणि रक्कम किरकोळ वाटली तरी त्याच कलमाचा पुढचा भाग वाचावा: जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे जाऊ देता येत नाही. भर रस्त्यात चार मुले घेऊन त्यांच्या पालकांना फोन करत उभे राहण्याची वेळ एकदा आली, की पुन्हा कुणी दीडपटीचा हिशेब करत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा न लावल्यास कलम १९४ब प्रमाणे एक हजार रुपये दंड होतो, म्हणून चालकाशेजारच्या आसनावर लहान मुलाला बसवूच नये.

लहान मुले आणि मुली असताना गाडीत महिला मदतनीस असावी लागते. मुलांच्या भाषेत ही व्हॅनची मावशी. तिचा पगार हा छोट्या व्हॅनच्या अर्थकारणातील सर्वांत जड खर्च आहे, हे मला मान्य आहे, आणि ती टाळण्याचा मोहही त्यामुळेच होतो. पण फी ठरवतानाच तो खर्च पालकांसमोर मांडला, तर बहुतेक पालक समजून घेतात. वर्षाच्या मधे मांडला तर वाद होतो. तिचीही पोलीस पडताळणी करून घ्यावी.

गाडीत मुलांची यादी ठेवावी लागते: नाव, इयत्ता, पत्ता, थांबा, पालकांचा फोन आणि रक्तगट. ही यादी मोबाइलमध्ये आहे असे सांगू नये; अपघातात पहिल्यांदा फुटतो तो मोबाइल. कागदावर छापून, प्लास्टिकच्या आवरणात घालून, एक प्रत चालकाजवळ आणि एक मावशीजवळ ठेवावी. फोननंबर बदलतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर यादी नव्याने करावी. आणखी एक रकाना मी स्वतःहून जोडला होता: थांब्यावर मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे त्या मोठ्या माणसाचे नाव. आजोबा सोडून दुसरे कुणी आले, तर आधी फोन, मग मूल.

सातवी पायरी: रोजची फेरी

शहराच्या हद्दीत शाळेच्या वाहनाने ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये. गाडी चालवताना हातात फोन धरणे हे २०१९ नंतर कलम १८४ खालील धोकादायक चालवण्यात मोडते. ‘व्हॅन कुठे आली’ असे विचारणाऱ्या पालकांचे फोन मावशीने घ्यावेत, हे पहिल्याच पालकसभेत सांगून ठेवावे. मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम आहे, परंतु आदल्या रात्रीचे लग्न आणि सकाळी सहाची फेरी यांचा संबंध चालकाने स्वतःच ओळखावा. शाळेच्या फाटकाजवळ गाडी मागे घेऊ नये. घ्यावीच लागली तर मावशी खाली उतरून मागे उभी राहिल्यावरच घ्यावी.

फेरी संपल्यावर इंजिन बंद करून, गाडीत मागेपर्यंत जाऊन, प्रत्येक आसन आणि आसनाखालची जागा हाताने तपासावी. आरशातून पाहणे पुरेसे नाही, कारण झोपलेले मूल आसनावरून घसरून खाली दप्तरांत गेलेले असते. मला एकदा असे एक मूल सापडले. गाडी सावलीत होती आणि पाचच मिनिटे झाली होती. त्या दिवसानंतर मी चावी मागच्या आसनावर ठेवूनच गाडी तपासायची सवय लावून घेतली, म्हणजे मागे गेल्याशिवाय दार बंदच करता येत नसे.

काही घडलेच तर

अपघात झाल्यास कलम १३४ प्रमाणे जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव चवताळलेला असेल किंवा परिस्थिती खरोखर हाताबाहेर असेल तरच त्याला अपवाद आहे, आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत, कळवावे लागते. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. त्यानंतर शाळा, मग पालक, आणि त्याच दिवशी विमा कंपनी.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती तुम्हाला मिळाली, मग तो घरी असो, शाळेत असो वा दुसऱ्या गाडीत, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना देणे तुम्हाला बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुले व्हॅनवाल्या काकांना आणि मावशीला अशा गोष्टी सहज बोलून जातात ज्या ती घरी सांगत नाहीत. ऐकल्यावर मुलाची उलटतपासणी करू नये, इतर मुलांसमोर विषय काढू नये. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा थेट पोलीस ठाण्यात कळवावे.

फाइल आणि तारखा

आरसी बुक, परमिट, पासिंग, विमा, पीयूसी, लायसन आणि बॅज, दोन पडताळणी दाखले, शाळेचा करार आणि मुलांची यादी एवढे कागद एका फाइलमध्ये असावेत. आरसी आणि लायसन डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर दाखवले तरी कायद्याने चालतात, पण करार आणि यादी तेथे सापडणार नाही. फाइलच्या आतल्या बाजूला मुदत संपण्याच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. आणि पहिल्याच वर्षी, शक्य असेल तेवढ्या तारखा मे महिन्यात येतील अशी मांडणी करावी: पासिंग, विमा, सिलिंडरची चाचणी, मुदत जवळ आली असेल तर लायसनही. शाळा बंद असतात, गाडी दोन दिवस आरटीओच्या मैदानात उभी राहिली तरी कुणाचे मूल घरी बसत नाही.